कावळ्याला दिलेला शब्द

माघातल्या एका मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. त्या दिवसापासून घरात आवाज करणारं माणूस उरलं नाही, आणि ती जागा कुणी न सांगता आमच्या साडूंनी घेतली. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. मूळचे परभणीकडचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात आहेत, आणि या भूतलावर त्यांच्याइतका अस्वस्थ माणूस दुसरा नाही. पृथ्वी एकसारखी फिरत असते हे मी पुष्कळ पुस्तकांत वाचलं होतं; पटलं ते साडूंना पाहिल्यावर. चहा ते उभ्याने पितात. बेल वाजवली की दार उघडेपर्यंत त्यांना धीर निघत नाही, म्हणून तेवढ्यात खाली जाऊन गाडीला कुलूप घातलंय का ते पाहून येतात. मी दार उघडतो तेव्हा समोर रिकामा जिना असतो. बायको गेली त्याच संध्याकाळी ते हेल्मेटसकट घरात शिरले आणि माझ्यासमोर येरझाऱ्या घालत बराच वेळ बोलले. काच खाली असल्यामुळे मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. ते माझं सांत्वन करत होते, असं मेहुणीने मागाहून सांगितलं.

मोशीतल्या आमच्या फ्लॅटवर त्या दिवसांत लोक भेटायला येत. अशा बैठकीत कसं बसायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मान खाली, हात मांडीवर, मधेच एक सुस्कारा. साडूंच्या हातांना मांडी मानवत नाही. राजगुरुनगरहून आलेल्या बायकोच्या मामी पदर तोंडाशी धरून रडत होत्या आणि साडू त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद करून, स्टुलावर चढून, त्याची पाती हलवून बघत होते.

"अहो पाहुणे, काय चालवलंय हे?" मामा दबक्या आवाजात खेकसले.

"माणसं रडायलीत ते समजतं मामा," साडू वरूनच म्हणाले, "पण हा पंखा कशापायी रडायलाय सकाळपासून?"

मामींना हुंदक्यातच हसू फुटलं. मग हसल्याची शरम वाटून त्या आणखी मोठ्याने रडल्या. मीही हसलो होतो. आपल्याला अजून हसता येतं याचं मला इतकं भय वाटलं, की उठून आत गेलो.

दशक्रियेला आम्ही इंद्रायणीच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिलेली असते; ती ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा असतो. मामांनी परगावी नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीच्या लग्नाचा शब्द दिला. मुलीने, "आई, मी बाबांना रोज फोन करीन," म्हणून सांगितलं. कावळे हलले नाहीत. ऊन चढत होतं. आमच्यानंतर ज्यांचा विधी होता ती मंडळी ताटकळून उभी होती. कावळ्याचं येणं-न येणं त्याच्या भुकेवर असतं, असं मी आयुष्यभर मानत आलो. पण त्या सकाळी माझी नजर झाडावरून निघत नव्हती. साडू घाटाच्या पायऱ्या चढत-उतरत होते. ते एकदम थांबले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, ह्या माणसाला चहापलीकडं काही करता येत नाही. तुमचा जीव त्याच्यातच अडकला असंल. मी शिकवतो ह्यांना. पोळी, भाजी, भात, वरण, सगळं. शब्द हाये माझा."

कावळा उतरला.

"अहो, पण तुम्हाला तरी कुठं येतंय?" मामा पुटपुटले.

"हळू बोला मामा! त्याचं खाणं व्हायचंय अजून."

साडूंच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. पहिल्याच गुरुवारी ते कणकेची पिशवी घेऊन आले. मेहुणी म्हणत होती, रोज डबा पाठवते. साडूंनी तिला गप्प केलं. "डबा दिला की शब्द मोडला." दर बुधवारी घरी ते तिच्याकडून एक पदार्थ शिकत आणि गुरुवारी, चार पिढ्यांपासून घरात आचाऱ्याचाच धंदा असल्याच्या थाटात, मला शिकवत. पोळीची जाडी मोजायला त्यांनी व्हर्निअर विकत आणला. "कडेला जाड, मधी पातळ. रिजेक्ट."

"रिवर्क होणार नाही का?" मी विचारलं.

"पोळीला रिवर्क नसतो साडूभाऊ. खाऊन टाका."

एका बुधवारी त्यांना ओव्हरटाइम लागला आणि शिकणं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ते भेंडीसमोर हात मागे बांधून उभे राहिले, दोन-तीन भेंड्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "आज फक्त थिअरी." त्या दिवशी आम्ही ब्रेड खाल्ला.

असं करत करत मी भाजी शिकलो, पोळी शिकलो, भात तर शेजाऱ्यांनी वासावरून तांदूळ कुठला ते विचारावं इतका चांगला जमू लागला. अडलं ते वरणावर. खरं तर डाळ, हिंग, हळद, मीठ, वरून तूप; त्यात चुकण्यासारखं काय आहे? पण साडू चमचाभर चाखायचे, खिडकीपर्यंत जाऊन परत यायचे आणि मान हलवायचे. "न्हाई. पुढच्या गुरुवारी." मी पुन्हा डाळ भिजवायचो. आपल्या हातात काहीतरी उणं आहे आणि त्यापायी ती अजून कुठेतरी अडकून पडली आहे, असं मला हळूहळू खरंच वाटू लागलं. वाचायला बसलो तरी लक्ष लागेना. एरवीही, एकटा असताना, मी डाळ शिजवून चाखत बसायचो.

दिवाळीच्या तोंडावर एका गुरुवारी मेहुणीही बरोबर आली. तिने वरण भातावर घेतलं, एक घास खाल्ला आणि खाली मान घालून बसली. मग म्हणाली, "दाजी, ताईचंच आहे हे. तंतोतंत." आणि नवऱ्याकडे वळून, "अहो, ह्याला तुम्ही रिजेक्ट करता? जीभ आहे का पायताण?"

साडू सिंकपाशी होते. त्यांनी नळ सोडला, बंद केला, परत सोडला.

"कधीपासून जमतंय हे?" मी विचारलं.

"आषाढापासून," ते नळाकडे बघत म्हणाले. "पास केलं की शब्द पुरा झाला ना. मग गुरुवारी मी जाऊ कुठं?"

त्यांची आई ते लहान असतानाच गेली. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा माझ्या बायकोने त्यांना वरण-भात वाढला आणि त्यांचा हात घाईने ताटाकडे गेलेला पाहून म्हणाली, "सावकाश जेवा, कुणी उठवत नाही." हे मला मेहुणीने त्या दुपारी सांगितलं. मी तेव्हा ताटावरच होतो. मला ते आठवत नाही.

मी उठून वरणाचं पातेलं साडूंसमोर धरलं. "मीठ जरा पुढे आहे, नाही का?"

त्यांनी चाखलं. बराच वेळ लावला.

"जरा पुढंच हाये," ते म्हणाले.

आता मी एकटा राहतो. दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच करतो. गुरुवारी दोघांपुरता.