टोपऱ्यातला केस

गोकुळाबाईच्या हातचं टोपरं ज्याच्या डोक्यावर कधी चढलंच नाही, असं त्या गावात जन्मलेलं चाळिशीच्या आतलं माणूस सापडलं नसतं. वडशाहून आत वळलं की तळ्याच्या पाळीला लागून धिवरांची आणि कुणब्यांची वस्ती आहे, तिथली ही बाई. कॉलेजात जाणाऱ्या पोरांना भर रस्त्यात अडवून ती सांगायची, "तुह्यं डोस्कं एवढंसं होतं रे, माह्या मुठीत मावे." पोरं लाजून सटकायची आणि ही पदर तोंडाशी धरून हसत सुटायची. अशी हसरी बाई एका हिवाळ्यात साऱ्या गावाच्या डोळ्यांत खुपायला लागली. आणि कारण काय, तर तिची मायाच.

बाप जाळी विणायचा, नवरा शालिकरामही जाळीच विणायचा. त्यामुळे गाठी आणि फास तिच्या बोटांना कोणी शिकवावे लागले नाहीत. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा इथे एक नर्सबाई राहायची. तिच्या हातातल्या सुया आणि लोकर बघून नवी नवरी थेट तिच्या दारात जाऊन बसली. आठवडाभरात टोपरं जमलं, मग मोजे, मग पुढून गुंड्यांचा स्वेटर. नर्सबाईची बदली झाली, सुया गोकुळाकडे राहिल्या. पुढे शालिकराम काविळीनं गेला, मुलगा भूपेश वडशाच्या राइस मिलमध्ये लागला आणि गोकुळाबाई सकाळी मासे विकून दुपारी अंगणात विणायला बसू लागली.

विणायची तिची एक रीत होती. पोटातल्या लेकरासाठी ती कधीच सुईवर टाके घालत नसे. बाळंतिणीची पाचवी पूजली की घरची माणसं लोकरीचा गुंडा आणि सुपात थोडे तांदूळ घेऊन तिच्याकडे यायची. मापाला टेप लागत नसे. लेकराचं डोकं तळहातात धरायचं, क्षणभर डोळे मिटायचे, झालं माप. मग गप्पा मारता मारता सुया चालायच्या. फक्त डाव्या कानाची बाजू आली की गोकुळाबाई काहीतरी निमित्त काढून घरात जायची, भिंतीकडे तोंड करायची, डोक्यातला एक केस उपटायची आणि लोकरीच्या धाग्यासोबत तो विणून टाकायची.

हे तिला तिच्या आईनं दिलेलं. आई लेकरांच्या गोधड्या शिवायची आणि प्रत्येक गोधडीत स्वतःचा एक केस घालायची. शिवणारीचा केस असला की लेकरावर येणारी नजर, दुखणं, जे काही असेल ते त्या केसाच्या वाटेनं शिवणारीकडे वळतं, असं ती सांगायची. अट एकच, हे कोणाजवळ बोलायचं नाही. गोकुळाबाईचं डोकं वरचेवर दुखायचं. दुखलं की ती कपाळाला चुना लावून पडायची आणि मनात म्हणायची, चला, कोणाच्या तरी लेकरावरचं टळलं. खुळेपणा म्हणायचा तर म्हणावा. पण दुसऱ्याच्या लेकराचा ताप स्वतःच्या कपाळावर मागून घेणारं माणूस रोज कुठे भेटतं?

केस काळे होते तोवर ते कोणाला दिसले नाहीत. आता ते पांढरे झाले होते.

त्या वर्षी धान कापून झाले आणि थंडी अशी पडली की तळ्यावरचं धुकं दुपारपर्यंत हलेना. घराघरांत लेकरं खोकत होती. शेजारच्या कमळाबाईचा नातू चार महिन्यांचा, गुटगुटीत. त्याचं टोपरं गोकुळाबाईनं मरून रंगाच्या लोकरीत विणलं होतं. त्याला ताप आला, छाती वरखाली व्हायला लागली. आरोग्य केंद्राची आशाताई दारात उभी राहून ओरडली की आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. पण कमळाबाईनं त्याला आधी पोचूकडे नेलं. पोचू म्हणजे गावातला झाडफूक करणारा. त्यानं राख लावली, लिंबू कापला, उतरलं म्हणून सांगितलं. लेकरू निळं पडायला लागलं तेव्हा कुठे त्याला तालुक्याला हलवलं. तिथल्या डॉक्टरनं न्यूमोनिया म्हटलं, उशीर झाला म्हटलं. संध्याकाळी लेकरू कापडात गुंडाळून परत आलं.

कमळाबाईनं टोपरं तेवढं ठेवून घेतलं. उन्हात बसून ती ते मांडीवर घ्यायची, कुरवाळायची. असंच एकदा कुरवाळताना तिच्या बोटाला काहीतरी लागलं. तिनं नखानं धरून ओढलं तर ते येतच राहिलं. लांब, पांढरा केस. त्या लोकरीतून तो सगळा बाहेर आला आणि तिच्या बोटाभोवती गुंडाळला गेला.

ती तशीच उठून पोचूकडे गेली. पोचूच्या हातून लेकरू गेलं होतं आणि लोक आता त्याच्याकडे वाकडं बघत होते. त्याला तर आयतंच सापडलं. त्यानं केस उन्हात धरून पाहिला आणि एवढंच म्हणाला, "बाकीची टोपरी पाहा जी."

ती दुपार विसरता येणार नाही अशी होती. घराघरांतून टोपरी बाहेर आली. आयांनी, आज्यांनी दारात बसून ती उसवली. पेटीत जपून ठेवलेली उसवली, मोठ्या झालेल्या पोरांची उसवली. प्रत्येकाच्या डाव्या कानाशी केस निघाला; जुन्यात काळा, नव्यात पांढरा. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गल्लीत नुसते कुरळ्या लोकरीचे ढीग पडले होते आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी गोकुळाबाईचे मासे कोणी घेतले नाहीत. नळावर ती गेली तर घागरी मागे सरकल्या. तिसऱ्या दिवशी समाजमंदिरात तिला बोलावणं आलं.

गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष नानाजी मध्ये बसले होते. तिच्या मनात आईची अट होती, पण आता न बोलून कसं चालेल? तिनं सगळं सांगून टाकलं. केस कशाला घालते, कोणाकडून शिकली, डोकं कसं दुखतं, सगळं.

"नजर मी माह्यावर घेतो जी, भाऊ," ती म्हणाली. "लेकराइले काई होऊ नये मून."

"मंग माह्या नातवाचं काऊन नाई घेतलं?" कमळाबाई उभी राहिली. "त्याच्या टोपऱ्यात बी होता ना तुहा केस? त्याचं दुखनं का वाटेतच थांबलं?"

ते लेकरू गेलं त्या दिवसापासून गोकुळाबाईचं स्वतःलाच हे विचारून विचारून झालं होतं. पोचू कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "केस कशात घालतेत, थे सगळ्याइले मालूम आहे." बसलेल्यांच्या माना हलल्या. नदीपलीकडच्या एका गावात करणी केल्याच्या अशाच संशयावरून एका म्हातारीला चौकातल्या खांबाला बांधलं होतं. तिचं पुढे काय झालं ते मोठ्यानं कोणी बोलत नसे. पण त्या घडीला समाजमंदिरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात तो खांब होता, आणि गोकुळाबाईच्याही.

तेव्हा तिची सून उठली. रंजीता बारावी शिकलेली, वरोऱ्याकडची. आठवा महिना लागलेला. हात कमरेवर ठेवून ती म्हणाली, "बाईवर असा आळ घेनं, याले गुन्हा म्हनतेत. कायदा आहे याच्यावर. माह्या सासूच्या अंगाले कोनी हात लावला तं मी सोता पोलीस ठान्यात जाईन. लेकरू थंडीनं गेलं, दवाखान्यात उशिरा नेलं मून गेलं. आन पोटुशी मीच आहो ना? मी त्याइच्याच हातचं खाऊन राह्यली. मले भेव नाई, तं तुमाले काऊन?"

नानाजी हा माणूस वाईट नव्हता, पण गावापुढे एकटा उभा राहील असाही नव्हता. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "सून पोटुशी आहे आन तिच्याच घरी राह्यते. तिले काई वाटत नाई, तं आपन काऊन बोलाचं? जोवर सून तिच्यापाशी आहे, तोवर कोनी त्या अंगनात पाय नाई ठेवाचा."

जोवर. सगळ्यांनी तो शब्द नीट ऐकला आणि आपापल्या घरी नेला.

त्यानंतर रंजीता रोज अंगणात बसून जेवायची. घरात ऊब होती, अंगणात बोचरा वारा होता, तरी ती बाहेरच ताट घ्यायची आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आई, अजून भात वाढा." गोकुळाबाई वाढायची. आपण या ताटावर जगतो आहोत, हे तिला पक्कं कळलं होतं. समोर चौकात पिंपळाच्या ओट्यावर काही माणसं बसायला लागली होती. पोचू असायचा, कमळाबाईचा मुलगा असायचा. रंजीता अंगणात दिसली की ही माणसं तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायची आणि उठून कामाला जायची. एकदा रंजीताच्या पायाला सूज आली म्हणून ती आतच पडून राहिली, तर ती माणसं जेवायच्या वेळेपर्यंत हलली नाहीत. भूपेशनं बाज उचलून बायकोला उन्हात आणून बसवलं, तेव्हा कुठे ओटा रिकामा झाला.

आणि एका सकाळी वरोऱ्याहून रंजीताचा भाऊ प्रफुल भाड्याची गाडी घेऊन आला. माहेरी सगळं कानावर गेलं होतं. बाळंतपणाला चल म्हणाला, आईनं रडून रडून डोळे सुजवून घेतलेत म्हणाला.

"मी नाई येत," रंजीता म्हणाली. "मी गेली तं आईले हे लोक ठेवतीन का इथी?"

गोकुळाबाईनं चुलीजवळून हे ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटची लेक असती तर याहून काय वेगळं बोलली असती? तिनं प्रफुलसाठी चहा ठेवला, त्यात आलं जरा जास्तच ठेचून टाकलं. भूपेश त्याच्याशी बाहेर बोलत बसला. तेवढ्यात रंजीता आत आली आणि सासूजवळ पाटावर हळूच टेकली.

"आई, एक इचारू?"

"इचार ना वो."

"माह्या पयल्याच्या टोपऱ्यात बी होता का केस?"

रंजीताचा पहिला मुलगा दोन वर्षांपूर्वी झाला होता, आणि दुसऱ्या महिन्यात, झोपेतच गेला होता. कारण डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं. त्याला पिवळ्या टोपऱ्यासकट तळ्याच्या पाळीखाली पुरलं होतं. ते टोपरं आता कोणाला उसवता येणार नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तिथेच संपत होतं.

पण गोकुळाबाईला खोटं बोलायचं सुचलंच नाही. उलट तिचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिला त्या लेकराबद्दल विचारत होतं. आपण त्याच्यासाठी किती केलं, हे निदान त्याच्या आईला तरी कळू दे, असं तिला वाटलं.

"होता ना, माय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकराले एक घालत होती मी. आपल्याले दोन घातले. आपलं होतं मून."

रंजीतानं मान वर केली आणि सासूच्या केसांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. चुलीवरचा चहा उतू गेला, जाळावर फसफसला, तरी तिनं नजर हलवली नाही. मग तिचा हात आपसूक पोटावर गेला, आणि पाटावर बसल्या बसल्या ती थोडी मागे सरकली. नळावरच्या घागरी सरकल्या होत्या, तेवढीच.

"रंजी," गोकुळाबाई म्हणाली, "तसं नाई वो. आयक ना माह्यं." तिला आता कळलं होतं.

"मले बरं नाई वाटून राह्यलं," रंजीता म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "मी भावासंगं जातो."

पिशवी भरायला वेळ लागला नाही. गोकुळाबाईनं तिच्यासाठी लाडू बांधून दिले. ते चुलीपाशीच राहिले. विसरले असं कोणी म्हणालं नाही. रस्ता खराब, बायकोचे दिवस भरत आलेले, म्हणून भूपेश तिच्यासोबत निघाला. त्याला आत काय बोलणं झालं ते ठाऊक नव्हतं. "उद्या येतो, आई. दार लावून घे," एवढं तो म्हणाला, आणि त्याची नजर चौकाकडे गेली. त्याला थांबावंसं वाटत होतं हे त्याच्या पायांवरून दिसत होतं. पण रंजीता गाडीत बसली होती आणि काच वर करून समोर बघत होती.

गाडी तळ्याच्या पाळीवर चढली, वळली, दिसेनाशी झाली. गोकुळाबाई दारात उभी होती. चौकातल्या ओट्यावर पोचू बसला होता, त्याच्या बाजूला तिघे-चौघे. कोणी खर्रा काढला नाही, कोणी कामाला गेलं नाही. शेजारच्या दारात कमळाबाई होती. तिनं गाडी जाईपर्यंत पाहिलं, मग आत तोंड करून आपल्या मुलाला हाक मारली.

"ऊठ," ती म्हणाली. "सून गेली."