दोरीच्या अलीकडे

मी कवठे महांकाळमधल्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. दीड वर्षापूर्वी शाळेला रोबोट बनवायच्या साहित्याच्या चार पेट्या मिळाल्या आणि मला पाच दिवसांचं प्रशिक्षण. परत आले तेव्हा कुठली वस्तू कुठल्या पेटीत आहे एवढं सांगता येत होतं, त्यापुढं फारसं नाही. पालकसभेत मी ते कबूल केलं आणि विचारलं, शनिवारी दुपारी येऊन मुलांना मदत करील असं कुणी आहे का? मागच्या बाकावरून एकच हात वर आला. नाथाजी जगदाळे.

त्यांची मुलगी अपेक्षा नववीत होती आणि शाळेच्या रोबोट संघाची कॅप्टन होती. नाथाजींनी सतरा वर्षं सैन्यात गाड्या दुरुस्त केल्या. लेहच्या थंडीत ट्रकखाली पाठीवर पडून काम केलेला माणूस. आता जत रोडला त्यांचं गॅरेज होतं, पण नव्या मोटारसायकलींना लॅपटॉप जोडल्याशिवाय दुखणं कळत नाही, म्हणून त्या शोरूमला जायच्या. नाथाजींकडं जुन्या गाड्या आणि ट्रॅक्टर राहिले होते.

पहिल्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कोपरापर्यंत हात इतके घासले होते की कातडी लाल झाली होती. "मॅडम, चाक, मोटर, गिअर, ह्ये आपलंच हाय की," ते म्हणाले. इतकं खूश मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

मुलं वाकडंतिकडं जोडायची. नाथाजींना ते बघवायचं नाही. हात आपोआप पुढं जायचा, आणि दोन मिनिटांत रोबोटची अख्खी गाडी त्यांच्या मांडीवर असायची. पोरं नुसती बघत उभी. तिसऱ्या शनिवारी अपेक्षा हळूच म्हणाली, "पप्पा, द्या इकडं. आमाला करू द्या." मीही म्हटलं, "दादा, चुकू दे त्यांना. तरच येईल."

"बरोबर हाय तुमचं. आता मी नुसता बघत बसनार," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. विचारलं तरच सांगायचे. मुलं आधी वरचेवर विचारायची, मग कमी विचारायला लागली. प्रांजल नावाची मुलगी प्रोग्रॅम लिहायची. तिच्यामागं उभं राहून नाथाजी स्क्रीनकडं बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "ह्यात हात घालायला जागाच न्हाई, मॅडम."

जानेवारीत सांगलीला स्पर्धा होती, एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये. रोबोटनं काळ्या पट्टीवरून जायचं, तीन ठोकळे उचलायचे आणि चौकटीत ठेवायचे. दोन फेऱ्या, मधे दुरुस्तीला वीस मिनिटं. मुलं मैदानात, शिक्षक आणि पालक मधे बांधलेल्या दोरीच्या अलीकडं. पंचांनी सुरुवातीलाच सांगितलं, बाहेरून कुणी बोलून किंवा खुणा करून मदत करायची नाही, मुलांनी घ्यायची नाही. तशा कागदावर प्रत्येक कॅप्टननं सही केली. अपेक्षानं पूर्ण नाव लिहून केली.

पहिल्या फेरीत आमची गाडी नीट निघाली, आणि दुसऱ्या वळणापासून डावीकडं ओढायला लागली. पट्टी सोडून भिंतीला जाऊन थांबली. शून्य गुण.

माझ्या शेजारी नाथाजी पुटपुटले, "डावं चाक. दांड्यावर फिरतंय. स्क्रू ढिला झालाय." एक एलन की, म्हणजे छोटा षटकोनी पाना, आणि अर्धा फेरा, एवढंच काम. मुलांनी मात्र लॅपटॉप उघडला होता. त्यांना वाटलं, हॉलच्या दिव्यांमुळं पट्टी ओळखणारा सेन्सर फसतोय. प्रांजल आकडे बदलत होती. बाकीचे तिच्याभोवती वाकले होते. चाकाकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

नाथाजींनी दोरी धरली होती. दहा मिनिटं गेली. आमच्याच रांगेत पुढं एक बाप फोनवर बोलल्याचं नाटक करत आपल्या मुलाला काहीतरी सांगत होता. नाथाजींनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली नाही, ना हो ना नको. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, कुणीतरी सांगावं.

तेवढ्यात अपेक्षानं मान वर करून आमच्या बाजूला पाहिलं. नाथाजींचा डावा हात वर आला, आणि उजव्या हाताची दोन बोटं स्क्रू आवळल्यासारखी फिरली. पुरता एक क्षणही नसेल. पंचांचं लक्ष नव्हतं. अपेक्षाचं होतं. तिनं चाकाकडं नजर टाकली, पुन्हा वडिलांकडं, आणि मग आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. चाकाला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या फेरीत गाडी पहिल्या वळणालाच डावीकडं गेली.

परतीच्या एसटीत मी पुढच्या सीटवर होते, ती दोघं माझ्या मागं. मिरज गेल्यावर नाथाजींनी विचारलं, "दिसलं हुतं न्हवं तुला?"

"दिसलं."

"कळलं न्हाई का?"

"कळलं की. स्क्रू."

"मग?"

"मी सही केलेली, पप्पा," ती म्हणाली. "आन तुमी बघत बसणार म्हणालेला."

गाव आलं तेव्हा पोरगी झोपली होती. नाथाजींनी तिची बॅग आणि रोबोटची पेटी दोन्ही उचलली. मुलांनी पेटी मागितली तेव्हा मुकाट्यानं देऊन टाकली.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी गॅरेजवर गेले. ते ट्रॅक्टरचा पंप खोलून बसले होते. बायको, क्रांतीताई, चहा ठेवून आत गेल्या.

"रागावलीय का ती?" मी विचारलं.

"न्हाई वो. रागावली असती तर बरं हुतं, समजूत काढली असती. पैल्यावानीच बोलती." त्यांनी हात चिंधीला पुसले. "खोटं वागायचं न्हाई, ह्ये मीच शिकवलं तिला. ती तशी वागली. मग मला का टोचतंय, सांगा."

मी म्हटलं, मुलं वाट बघतात. ते हसले. मुलं वाट बघत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

"तिथं बसलो की हात ऱ्हात न्हाईत माझं," ते म्हणाले. "आन हात बांधून बसायचं तर तिथं बसू कशाला, मॅडम?"

यंदा अपेक्षा दहावीत असूनही संघात आहे. डिसेंबरमध्ये मुलं जिल्ह्यात चौथी आली. नाथाजींना मीच तिथून फोन करून सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "चाकं कुणी आवळली हुती?" मी म्हटलं, अपेक्षानं. मग ते म्हणाले, "बरं झालं," आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.