खळ्यावरचा सुपरचार्जर

"क्रॅक आहे साहेब. हे विमानात बसणार नाही," मी म्हणालो आणि बक्षी साहेबांचं तोंड उतरलं.

आम्ही शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या एका गावात भाताच्या खळ्यावर उकिडवे बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या दोन घरांची ही गोष्ट आहे ती अजून तिथेच शेजारी शेजारी नांदतायत. आमच्यापुढे एक उफणणीचा पंखा होता. भात झोडून झालं की पोचट दाणे आणि भुसकट उडवायला वारा लागतो. वारा पडला की काम अडतं. म्हणून हा हाताने फिरवायचा पंखा. एका बाजूला बैलगाडीचं जुनं चाक, त्याला मूठ. त्या चाकावरून चामड्याची वादी. वादीच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचा गोल डबा आणि डब्यात ॲल्युमिनियमचं एक पात्यांचं चाक. मोठं चाक एकदा फिरवलं की आतलं छोटं कितीतरी वेळा फिरतं आणि डब्याच्या तोंडातून भपकन वारा येतो.

ते छोटं चाक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या सुपरचार्जरचा इम्पेलर होता. सोपं करून सांगतो. विमान उंच गेलं की हवा विरळ होते. माणसासारखीच इंजिनालाही धाप लागते. मग जोरात फिरणारा एक पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. तो सुपरचार्जर, आणि त्याच्या पोटात फिरणारं पात्यांचं चाक म्हणजे इम्पेलर. लढाईत ज्याचा सुपरचार्जर चांगला त्याचं विमान वर, आणि जो वर तो वरचढ.

माझी सगळी नोकरी सांताक्रूझला एका एअरलाइनच्या इंजिन ओव्हरहॉल शॉपमध्ये गेली. ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण सोडवायचं, प्रत्येक तुकडा तपासायचा, परत जोडायचा. रिटायर झालो आणि खर्डीला घरी बसलो. हे दोन हजार सालानंतरचं. बक्षी साहेब एअरफोर्समधून ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कामानिमित्त ते आमच्या शॉपमध्ये यायचे, तिथली आमची ओळख. एका खाजगी म्युझियमसाठी ते युद्धातलं एक विमान नव्याने उभं करत होते. नुसतं शोसाठी नाही, त्यांना ते उडवायचं होतं. सगळं जमलं, इम्पेलर मिळेना. कोणीतरी त्यांना सांगितलं की तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मागे एक अजब पंखा बघितला होता. साहेबांनी लगेच मला फोन लावला. "भोईर, आपके घर के पास है. चलो."

युद्धाच्या वेळी इथल्या डोंगरात एक विमान पडलं होतं हे मी लहानपणापासून ऐकत आलो. लोकांनी पत्रा खाली आणला, कोणी घमेली केली, कोणी झाकण्या केल्या. पण आख्खा इम्पेलर बघायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाहेरून तो धड दिसत होता. पण आमच्या धंद्यात दिसण्यावर जात नाहीत. मी डाय पेनिट्रंट काढलं. हा पातळ लाल रंग असतो. भागावर मारायचा, थोडा वेळ थांबायचं, पुसायचा, मग वरून पांढरी पावडर फवारायची. भेगेत शिरलेला रंग पावडरीत उमटतो. पंखा ज्या घरचा त्या घरातली लेक मंजुळा शेजारी उभी राहून बघत होती. ती गावातच अंगणवाडी चालवते.

"काका, कुंकू लावताय काय तेला?" ती म्हणाली.

"लावतोय. बघू प्रसन्न होतो का."

नाही झाला. एका पात्याच्या मुळाशी केसासारखी लाल रेघ उमटली. सुपरचार्जरमध्ये हे चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं. भेग असलेलं पातं तिथे बाँबसारखं फुटतं. विषय संपला. मी हात पुसले.

बक्षी साहेब मात्र गप्प बसणारे नव्हते. ते पंख्याभोवती दोनदा फिरले, मूठ फिरवून बघितली, तोंडावर वारा घेतला आणि लहान मुलासारखे हसले. त्यांना आता आख्खा पंखाच हवा होता. विमानाशेजारी ठेवायला. बदल्यात विजेचा नवा उफणणी पंखा देतो म्हणाले. फिरवून फिरवून हात दुखतात म्हणून हा जुना तसाही पडूनच होता, त्यामुळे कोणाची ना नव्हती. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"पाटीवर लिहायला नाव पाहिजे. हा पंखा बनवला कोणी? इन्व्हेंटर कोण?"

आणि तिथे गाडी अडली.

"माझे वडील. गणपत राघो," सुरेश म्हणाला. सुरेश भातसानगरला धरणावर नोकरीला. शेजारचं घर त्याचं. "प्रदर्शनात पण हेच नाव होता. सगळ्या तालुक्याने वाचलंय."

"खोटं," मंजुळा म्हणाली. "पंखा आमच्या बाबांनी केला. गणपतकाका तर मूठ पण फिरवायचे नाय."

मंजुळाचे वडील आणि सुरेशचे वडील सख्खे भाऊ. मंजुळाचे थोरले. दोघेही प्रदर्शनाच्या आधीच गेलेले. त्या पिढीतली एकच व्यक्ती उरली होती, मंजुळाची आई चंद्राबाई. ती खळ्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन बसली होती आणि आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

साहेबांना माणसं भांडताना बघून उलट मजाच वाटली. हा त्यांचा आवडता विषय. मला म्हणाले, "बघा भोईर, परत तेच." परत तेच म्हणजे जेट इंजिन. एका इंग्रजाने ते आधी कागदावर नोंदवलं. एका जर्मनाचं आधी आकाशात उडालं. दोघं वेगवेगळ्या देशांत, एकमेकांचा पत्ता नाही. मग जनक कोण? आमच्या शॉपमध्ये चहाच्या वेळी यावरून दोन तट पडायचे. मी उडवणाऱ्याच्या बाजूचा. साहेब कागदवाले. त्यांचं म्हणणं, नोंद ज्याची शोध त्याचा, नाहीतर उद्या कोणीही उठेल.

"इथे पण नोंद आहे," ते म्हणाले. "प्रदर्शनात नाव लागलं, कोणी हरकत घेतली नाही. गणपत. फिनिश."

त्यांनी लिहायला पेन टेकवलं आणि मी चंद्राबाईकडे बघितलं. तिचे डोळे त्या पेनाच्या टोकावर होते. तिने हाताची मूठ आवळली. मला बरं वाटलं नाही.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "ती नोंद कोणी केली ते तरी बघू."

सुरेश म्हणाला, "कोणी काय, काकीनेच सांगितलं होतं. प्रदर्शनाचा माणूस लिवायला आला तेव्हा घरात काकीच होती. चारचौघांत तिने माझ्या बापाचं नाव घेतलं. विचारा तिला, खोटं असंल तर."

मी तिच्यापाशी जाऊन बसलो. "मावशी, त्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत?"

"तेनी इचारलं पंखा कोणी केला."

"मग?"

"मी बोलली, गणपत भाऊजींच्या थोरल्या भावानी." ती जमिनीकडे बघत होती. "तेला घाई होती. तेनी गणपत लिवलं नि गेला."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी आई रेशनच्या ऑफिसात मला खांद्याला धरून पुढे ढकलायची, "सांग बाबांचं नाव." ती स्वतः कधी घ्यायची नाही. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही, नवरा गेल्यावरही नाही. लग्नात, हळदीत उखाण्यातून घेतलं तेवढंच. चंद्राबाईला कोणी केला हे पक्कं माहीत होतं, आणि नेमकं तेच एक नाव तिच्या तोंडातून निघणार नव्हतं. म्हणून तिने दिराच्या नावावरून नवऱ्याकडे बोट दाखवलं, आणि लिहिणाऱ्याने बोट जिथून निघालं तेच लिहून घेतलं.

"आई, मग नंतर का नाय बोललीस?" मंजुळा चिडली. ती तेव्हा सासरी, दुसऱ्या गावात होती आणि प्रदर्शनाला यायला तिला जमलं नव्हतं. "पाटी लागली, लोकांनी वाचली, तू गप्प?"

"काय बोलू गो? पाटी खोडायला सांगितली असती तर ते बोलले असते, मंग तूच सांग कोणाचं लिवायचं."

मी साहेबांना हिंदीत समजावलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "सिंपल आहे. मुलीने नाव सांगावं."

सुरेशने नकारार्थी मान हलवली. तो वाईट माणूस नाही, हे मुद्दाम सांगतो. त्याच्या बापाच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती. "मंजीचं काय, ती तेव्हा जन्माला तरी आली होती का? आणि एक ऐका साहेब. ते चाक डोंगरातून खाली कोणी आणलं? माझ्या बापाने. खांद्यावरून. चाकच नसतं तर पंखा कसला केला असता?"

प्रश्न बिनतोड होता. जेटवाल्या भांडणातसुद्धा एवढा नेमका प्रश्न मी ऐकला नव्हता. मी चंद्राबाईकडे बघितलं.

"ते खरं हाय," ती लगेच म्हणाली. "भाऊजींनीच आणला. खांदा सोलवटला होता, मीच हळद लावली. पण आणून टाकला गोठ्यात. दोन सुग्या तसाच पडला. मंग हे तेच्याकडं बघत बसायचे. पत्रा कापायचे, मोडायचे. पहिला डबा केला तर वारा माघारीच यायचा. आमची सासू बोलायची, खुळा झालाय. मी चाक फिरवायची नि हे डब्याच्या तोंडाशी हात धरून बघायचे, वारा कुठनं पळतो."

सुरेशने चाकावरून हात फिरवला. मग म्हणाला, "काकी, तू बोलतेस तर खरं असंल. पण तेव्हा चारचौघांत तू माझ्या बापाचं नाव घेतलंस. आता चारचौघांत दुसरं नाव घे. तुझ्या तोंडाने. मी हरकत घेणार नाय."

माझं डोकंच तापलं. "अरे, म्हातारीला कशाला पेचात टाकतोस? तुला माहीत आहे ती घेणार नाही."

"म्हणूनच बोलतोय," तो म्हणाला. "उगाच कशाला घेईल ती? घेतलं तर खरंच असणार."

एव्हाना आजूबाजूची माणसं जमली होती. बायका कुडाच्या पलीकडून बघत होत्या. मंजुळा आईजवळ जाऊन हळूच म्हणाली, "राहू दे आई. नाय घ्यायचं. लिवू देत काय लिवायचं ते." तिचा राग पार उतरला होता. मलाही तेच वाटत होतं. एका पाटीसाठी बाईने आयुष्यभराचा नेम मोडावा, असं सांगणारा मी कोण?

चंद्राबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पंख्यापाशी आली, मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली,

"लडकू राघो."

कुडापलीकडच्या एका बाईने तोंडावर हात ठेवला.

"सॉरी, क्या नाम?" बक्षी साहेब म्हणाले. त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. मला त्या क्षणी साहेबांचं पेन हिसकावून घ्यावंसं वाटलं. पण चंद्राबाईने साहेबांकडे सरळ बघितलं आणि मगापेक्षा मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"लडकू. राघो. लिवा."

साहेबांनी लिहिलं. मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यात पाणी होतं, पण आवाज ठीक होता.

"तेंनी कधी ऐकलं नाय हो माझ्या तोंडून," ती म्हणाली. "मी आपली जनमभर 'अवो'च."

सुरेशने तिला धरून खाली बसवलं. साहेबांना म्हणाला, "थोरल्या काकांचं वर लिवा. बापाचं खाली. चाक आणणारे म्हणून."

तशीच पाटी लागली. मी जाऊन बघून आलो. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही नावं, दोन्ही कामं वेगवेगळी लिहिलेली. नवा विजेचा पंखा दोन्ही घरं मिळून वापरतात आणि वीज गेली की दोन्ही घरं मिळून त्याला शिव्या घालतात. साहेबांना धड इम्पेलर काही मिळाला नाही. त्यांचं विमान उभं आहे, उडालेलं नाही.

जेटचा जनक कोण, यावर आता मी वाद घालत नाही. कुठल्याही शोधाखाली एकच नाव दिसलं की मी एवढंच विचारतो: नाव सांगायला तिथे कोण उभं होतं, आणि त्याला कोणाचं नाव घ्यायची मुभा होती?