सांगाड्याचा कायम रहिवास

आमच्या तालुक्याच्या गावात सरकारी प्राथमिक शाळा दोन: एक वेशीजवळची, दुसरी बाजारामागची. नातीला त्यांपैकीच एकीत घालावे, असा माझा आग्रह होता. सूनबाईंना खाजगी शाळेची पिवळी गाडी हवी होती. अखेर ठरले ते असे: मी दोन्ही शाळा प्रत्यक्ष पाहाव्यात, एकही पसंत न पडल्यास नात पिवळ्या गाडीत बसेल आणि मी त्याविरुद्ध कोठेही अर्ज करणार नाही. शेवटची अट सूनबाईंची. परभणीच्या कचेरीत माझे अर्ज पाहताच कारकून पाणी मागवतात, हे त्यांच्या कानावर आहे.

शुक्रवारी नातीला घेऊन वेशीजवळच्या शाळेत गेलो. मी येणार, ही बातमी अर्थातच फुटली होती. अंगण लखलखीत, मुले मुकी. वर्गाच्या कोपऱ्यात नातीएवढ्याच उंचीचा माणसाचा प्लास्टिकचा सांगाडा खोळ घालून उभा होता.

"मुलांना हात लावू देता?" मी विचारले.

"छे सर, खराब होतोय की," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नातीने खोळ वर सारून आपल्या कपाळावरची लाल टिकली त्याच्या कपाळी चिकटवली. बाईंच्या ते लक्षात आले नाही.

मी निघालो, तर बाईंनी चहा पुढे केला. तो संपताच म्हणाल्या, "अजून एक कप घ्याच, सर." या आग्रहास कोणताही कायदेशीर आधार नव्हता, तरी घेतला.

बाजारामागच्या शाळेत पोहोचलो तेव्हा वर्गात गलका चालला होता. पोरांच्या घोळक्यात एक सांगाडा उभा, खोळ नाही. एक मुलगी त्याच्या बरगड्या मोजत होती, दुसरी त्याला दटावत होती, "ओ भाऊ, नीट उभं ऱ्हा की." उजव्या हाताची दोन बोटे गायब. कपाळावर लाल टिकली.

"आजोबा," नात म्हणाली, "हे आपल्या आधी आले."

मी मुख्याध्यापकांना विचारले, "शासकीय मालमत्ता कोणत्या नियमान्वये गावभर हिंडते?"

"दोन शाळांत मिळून एकच आलाय, सर. सोमवार ते बुधवार आमच्याकडं, मग बाईंकडं. आज तुमच्यासाठी रिक्षाची जादा फेरी. तपासणीला असंच करतोत आमी. दुसरा कप त्याच्यासाठीच असतो."

"आणि बोटे?"

"पोरं रोज हात मिळवतेत त्याला. तुटली. लिवा सर, खरं हाय ते."

खिशातून पेन निघाले होते. दोन्ही शाळांनी मिळून मला फसवले होते. दोन्ही नापसंत ठरवण्यास एवढे कारण पुरेसे होते. पण मग पिवळी गाडी. शिवाय तुलनेसाठी याहून चोख पुरावा कोणते न्यायालय मागेल? सांगाडा एकच. एका शाळेत तो खोळीत उभा राहतो, दुसरीत हात मिळवून मिळवून त्याची बोटे झिजतात. एव्हाना नात त्याच्या तिसऱ्या बोटाशी झटत होती.

संध्याकाळी सूनबाईंनी विचारले, "काय ठरलं, मामा?"

"बाजारामागची."

"ती का?"

"तिथल्या सांगाड्याला बोटे कमी आहेत."

"बरं. पण अर्ज करायचा न्हाई, असं ठरलंय आपलं."

"नात पिवळ्या गाडीत बसल्यास. तो प्रसंगच उद्भवला नाही."

त्याच रात्री परभणीला अर्ज लिहिला. बोटांचा उल्लेख टाळला. मागणी एकच केली: दुसरा सांगाडा, खोळीविना.