नळ चालू होता

माझ्या धाकट्या चुलत्यांचं तोंड बघितलं की अजूनही माझं डोकं फिरतं. घरच्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. नसेल लिहायचं, मी लिहितो.

दिवाळीच्या आधी आई गोठ्याला चुना मारत होती. उचगावच्या आमच्या घरी हे काम ती दुसऱ्या कुणाला करूच देत नसे. वर तुळईला कुंचा मारताना चुन्याचा गोळा थेट तिच्या उजव्या डोळ्यात पडला. ती किंचाळून खाली बसली. चार पावलांवर नळ चालू होता, म्हशींसाठी बादली भरत होती. मी तिचा दंड धरून तिकडं न्यायला लागलो, तोच चुलते ओरडत आले.

"पाणी लावू नगा! चुना पाण्यानं उकळतोय, म्हायती न्हाय व्हय? डोळा शिजंल की!"

कळीच्या चुन्यावर पाणी ओतल्यावर ते कसं खदखदतं, हे सगळ्यांनी बघितलेलं. जमलेल्यांच्या माना लगेच हलल्या. पण आमच्या पिपातला चुना दोन दिवसांपूर्वीच उकळून गार झालेला; असा चुना पाण्यानं पुन्हा उकळत नाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरी मी दंड सोडला. चुलते दूध संस्थेचे संचालक, भावकीत त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही. माझी तर नव्हतीच.

त्यांनी म्हशीची धार काढून आणली, आईचं डोकं मागं दाबून डोळ्यात दूध ओतलं आणि वर फडकं बांधलं. "गप पडा वैनी, आत्ता गार वाटंल." आई "जळतंय, जळतंय" म्हणत राहिली. पाऊण तासानं मी तिला गाडीवर घालून कोल्हापुरात नेलं.

डॉक्टरबाईंनी पापणी उलटवली. आत चुन्याचे कण तसेच चिकटलेले. ते कापसानं टिपत, सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतत त्यांनी विचारलं, "घरात पाणी नव्हतं?"

"होतं."

"मग त्याच मिनिटाला डोळा उघडून नळाखाली धरायचा. चांगला अर्धा तास. मग इकडं यायचं."

बुबुळावर पांढरा पडदा बसला तो बसलाच. त्या डोळ्यानं आईला आता फक्त उजेड कळतो.

परवा चुलते आमच्याच सोप्यात, आमचाच चहा पीत पाहुण्यांना सांगत होते, "मी दूध घातलं म्हणून डोळा जाग्यावर तरी ऱ्हायला. डाक्टरनं पाणी मारून वाटोळं केलं." माझा तोल सुटला. पाहुण्यांदेखत ओरडलो, "डोळा तुम्ही घालवलात! गार झालेला चुना पाण्यानं उकळत नाही, नववीच्या पोरालाही ठाऊक असतं!"

चुलते बशी ठेवून निघून गेले. मला वाटलं, आता आईला बरं वाटेल.

आई म्हणाली, "त्यास्नी कशाला बोलतोस? त्यास्नी ठावंच नव्हतं. तुला ठावं हुतं की."