परगावचा जयवंत

जयवंत शिंदेच्या अंगणातून कंपनीची निळी पाण्याची टाकी दिसते. उरवड्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, खाली ओढा, आणि ओढा ओलांडला की कंपनीची भिंत. भोंगा झाला की घरात ऐकू येतो. चालत निघालं तर चहाची चव तोंडात असेपर्यंत माणूस गेटवर पोचेल. पण जयवंत रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो, काळा चष्मा चढवतो आणि मोटारसायकलवरून भलत्याच दिशेला जातो. पिरंगुटला एका मित्राच्या गॅरेजमागे गाडी लावतो, तोंडाला रुमाल गुंडाळतो आणि परगावच्या कामगारांना घेऊन येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसून परत आपल्याच वाडीखाली येऊन उतरतो.

वाडीला वाटतं, जयवंत हिंजवडीकडे प्लॉटिंगचं काहीतरी बघतो. कंपनीला वाटतं, हा धाराशिव जिल्ह्यातला, परांड्याकडचा गडी. दोन्ही साफ खोटं आहे आणि दोन्ही त्याला रोज सांभाळावं लागतं. घरामागच्या पत्र्याच्या खोल्या भाड्याने द्यायच्या तर भाडेकरू कुठे कामाला आहे, हे तो आधी विचारतो. ह्या कंपनीतला असला की खोली रिकामी नसते.

हे सोंग त्याने हौसेनं घेतलेलं नाही. आधी तो खरं सांगूनच गेला होता. आयटीआय झालेला, हातात कसब, आणि दारात कंपनी. गेटवरच्या माणसाने विचारलं, कुठला? उरवडे म्हटल्यावर त्याने कागद न उघडताच परत दिले. दुसऱ्या कंपनीत तेच झालं, तिसऱ्या कंपनीतही तेच. शेवटी एका ठेकेदाराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की लोकल पोरं आम्ही घेत नाही. लोकल पोरगं काम कमी आणि दादागिरी जास्त करतं, गावाला फोन लावतं, गेटवर गाड्या जमवतं. ह्यात अजिबातच तथ्य नव्हतं असं नाही. भंगाराच्या ठेक्यासाठी वाडीतल्या काही टग्यांनी मागे एकदा कंपनीच्या केबिनच्या काचा फोडल्या होत्या. काचा फोडणारे आज पांढऱ्या गाड्यांतून फिरतात. नोकरी मात्र ज्याने कधी दगड उचलला नाही त्याची गेली.

मग जयवंतने आईच्या माहेरचा आधार घेतला. आयटीआय त्याने परांड्याला मामाकडे राहूनच केलं होतं. आधार कार्डावर मामाचा पत्ता लागला, बोलण्यात तिकडचा हेल आला, आणि आडनावाचा प्रश्न नव्हताच, शिंदे काय, महाराष्ट्रात कुठेही सापडतात. त्याच गेटवरच्या त्याच माणसाने, मागचा चेहरा न आठवता, त्याला आत घेतलं. गाड्यांचे रबरी पाईप तयार होतात त्या लाईनवर तो ऑपरेटर म्हणून लागला. परांड्याचा जयवंत कष्टाळू ठरला, शांत ठरला, आणि उरवड्याचा जयवंत कधी तपासलाच गेला नाही.

घरी तरी खरं सांगावं, तर तिथे हैबतराव बसलेले. हैबतराव म्हणजे त्याचे वडील. जमीन केव्हाच विकली गेली, तिच्यावर आज कुणाची तरी गोदामं उभी आहेत, पण लग्नाच्या मांडवात माइकवरून पुकारा होतो तो ‘प्रगतशील बागायतदार हैबतराव शिंदे’ असाच. हैबतराव उठून उभे राहतात, फेटा बांधून घेतात, आणि बाग कुठाय हे विचारायचं धाडस कुणी करत नाही. शिंद्यांच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या दारात पाळीची नोकरी करणार नाही, हे त्यांनी एकदा ठरवून टाकलेलं. नोकरीचं खरं माहीत होतं ते एकट्या रेश्माला, जयवंतच्या बायकोला.

आणि गौतमीला.

गौतमी त्याच वाडीची, खालच्या बौद्धवस्तीतली. शाळेत जयवंतच्याच वर्गात होती, पुढे बी.कॉम. झाली. तीही ह्याच कंपनीत आली होती, पण तिने काहीच लपवलं नाही. गाव उरवडेच सांगितलं, आडनाव सांगितलं, पदवी दाखवली. गंमत बघा, तिला कुणी लोकल म्हणालं नाही. लोकल म्हणजे जमीनवाले, गळ्यात साखळीवाले, दादागिरीवाले. त्यात ती कुठे बसणार? ठेकेदाराने आडनाव वाचलं, पदवीचा कागद बाजूला सरकवला आणि तिला हाउसकीपिंगमध्ये टाकलं. म्हणजे हातात झाडू दिला. तिने तो घेतला, कारण घरात आई अंथरुणाला खिळलेली होती आणि दुसरीकडेही झाडूच मिळत होता.

जयवंतच्या कामाच्या पहिल्याच दिवशी पाण्याच्या टाकीजवळ दोघं समोरासमोर आले. त्याने पेला तोंडापुढे धरला. गौतमीने त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि फरशी पुसत पुढे गेली. तेव्हापासून ती त्याला शिंदे म्हणते आणि तो तिला ताई म्हणतो, सगळे म्हणतात तसं. मागे दिवाळीला बिहारकडची माणसं गावी गेली तेव्हा तपासणीच्या टेबलावर गौतमीला बसवलं होतं. पाईपातली बारीकशी चीर ती बोटाने ओळखायची. सुपरवायझर खूश होता. माणसं परत आली आणि तिचा झाडू तिला परत मिळाला. जयवंतला तेव्हा वाईट वाटलं होतं. बोलला मात्र नाही.

चैत्रात बातमी आली की लाईनवरच्या काही जणांना कायम करणार. कायम म्हणजे ठेकेदाराची कटकट संपली, पगार सरळ बँकेत, मुलीच्या शाळेचा घोर मिटला. यादीत जयवंतचं नाव वर होतं. त्याला झोप लागेना, पण ती आनंदाने. मग एका दुपारी गौतमी त्याच्या मशीनजवळ खाली सांडलेलं तेल पुसायला आली आणि मान वर न करताच बोलली.

“जत्रंच्या दिवशी कामाला दांडी मारू नगंस.”

तिने हळूहळू सगळं सांगितलं. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसमध्ये पियूष म्हणून साहेब होता, पुण्याचा. माणूस कायम करण्याआधी तो वाडीच्या भैरवनाथाच्या जत्रेची तारीख काढायचा आणि त्या दिवशी कोण गैरहजर होतं ते पाहायचा. परगावच्याला वाडीच्या जत्रेशी काय देणंघेणं? जो त्या दिवशी आजारी पडतो, ज्याची आत्या त्याच दिवशी मरते, तो लोकल. मागे दोघांना त्याने असंच शोधून काढलं होतं. हे सगळं तो गौतमीच्या समोरच फोनवर बोलला होता. झाडणाऱ्या बाईसमोर कुणी आवाज कमी करत नाही.

“तू का सांगतीस मला?” जयवंतने विचारलं.

“तुझी पोरगी माझ्या भाचीच्या वर्गात हाय म्हून,” ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

आता पेच असा होता की पालखीचा पुढचा खांदा शिंद्यांच्या घराचा मान. हैबतरावांचा खांदा दोन वर्षांपासून धरला होता, हात वर जात नव्हता, आणि यंदा जयवंतने खांदा द्यायचा हे घरात न बोलताच ठरलं होतं. जयवंतने सांगितलं की त्याच दिवशी हिंजवडीला मोठी पार्टी यायची आहे, जमिनीचा व्यवहार आहे, टाळता येत नाही. हैबतराव भडकले.

“देवापरीस पार्टी मोठी झाली व्हय तुझी? आपण खांदा न्हाई दिला तर भावकीतला जयसिंग टपूनच बसलाय. एकदा मान त्येच्याकडं गेला की माघारी येत न्हाई.”

रेश्मा मध्ये पडली. म्हणाली, मामंजी, मान राहील, पण पोरीची फी कोण भरणार? सून सासऱ्यासमोर कधी नव्हे ती इतकं बोलली. दोन दिवसांनी हैबतरावांनी सांगून टाकलं की खांदा मीच देणार. जयवंतला ते ऐकून सुटल्यासारखंही वाटलं आणि स्वतःची किळसही आली.

जत्रेच्या दिवशी तो नेहमीसारखा परगावच्या बसने आला आणि मशीनवर उभा राहिला. वाडीतून ढोल ऐकू येत होता. त्या तालावर पाय हलू नये म्हणून तो बोटं बुटात आवळून धरत होता. दुपारी पियूष साहेब लाईनवर आला आणि त्याने फर्मावलं की पालखी गेटवर येतेय, गावाशी संबंध चांगले ठेवायचेत, सगळ्यांनी बाहेर रांगेत उभं राहा. हे काही जयवंतच्या हिशोबात नव्हतं. त्याने टोपी खाली ओढली, रबराच्या वासासाठी लावायचा मास्क नाकावर नीट बसवला आणि मागच्या रांगेत शिरला.

पालखी आली. पुढच्या खांद्याला हैबतराव होते, घामाने निथळत होते, आणि त्यांचा तोल डावीकडे जात होता. एका ठिकाणी ते अडखळले. जयवंतचा पाय आपोआप पुढे झाला. शेजारच्या झारखंडच्या गड्याने त्याला वाट करून देण्यासाठी अंग चोरलं, तेव्हा तो भानावर आला आणि जागेवर थांबला. पालखी टेकवली, कंपनीने नारळ दिला, भोई झाडाखाली सरबत प्यायला गेले. खांदेकऱ्याने यजमानांना गुलाल द्यायचा अशी रीत, म्हणून हैबतराव ताट घेऊन रांगेतून फिरू लागले. पियूष साहेब त्यांच्यासोबत चालत होता, हसतमुखाने, आणि त्याची नजर चेहऱ्यांवर होती.

हैबतराव जयवंतपाशी आले. टोपी आणि मास्क यांच्यामध्ये नुसते डोळे दिसत होते, पण बापाला तेवढे पुरले. ताट क्षणभर थांबलं. मग त्यांनी त्याच्या तळहातावर गुलालाची चिमूट ठेवली, जशी इतरांच्या ठेवली होती. आणि जयवंतच्या हाताने जे करायचं ते करून टाकलं. वाडीतले पुरुष भैरवनाथाचा गुलाल आधी उजव्या खांद्याला लावतात, मग कपाळाला. पालखी खांद्यावर बसते म्हणून. रांगेतल्या साऱ्यांनी गुलाल कपाळाला लावला होता. जयवंतच्या गणवेशाच्या खांद्यावर तांबडा डाग उमटला.

पियूष साहेबाने आधी त्या डागाकडे पाहिलं, मग हैबतरावांच्या खांद्याकडे. तिथेही तसाच डाग होता.

“शिंदे, तुम्ही धाराशिवचे ना?” तो म्हणाला. जयवंतने मान हलवली. साहेब हैबतरावांकडे वळला. “आजोबा, हा तुमच्या वाडीतला आहे का? ओळखता का याला?”

झाडाखाली जयसिंग आणि बाकीचे होते. मास्क काढायला सांगितला असता तर सगळंच संपलं असतं, नोकरीही आणि हैबतरावांची उभ्या हयातीची अब्रूही. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. गणवेश पाहिला, बिल्ला पाहिला, तेलाने काळी झालेली नखं पाहिली.

“न्हाई,” हैबतराव ठणकावून बोलले. “आमच्या वाडीतला न्हाई ह्यो. आमची पोरं असली कामं करत न्हाईत.”

पियूष साहेब खळखळून हसला. हे उत्तर त्याला मनापासून पटलं, कारण तो स्वतः तेच तर म्हणत आला होता. तो पुढच्या माणसाकडे सरकला. गुलाल सांडून फरशी खराब झाली होती, त्याने गौतमीला हाक मारून ती झाडून घ्यायला सांगितली.

त्या दिवसापासून बापलेकांत त्या गोष्टीचा शब्द झालेला नाही. हैबतराव त्याला वाचवायला तसं बोलले की त्यांना खरोखरच लाज वाटली, हे जयवंतला कळत नाही, आणि विचारायची त्याची छाती नाही. जेवताना ते त्याच्या नखांकडे बघत नाहीत, एवढं त्याच्या ध्यानात आलंय. महिनाभरात तो कायम झाला. रेश्माने शिरा केला, हैबतरावांनी तो खाल्ला, कशाबद्दल ते विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तपासणीच्या टेबलावरची एक जागा रिकामी झाली. सुपरवायझरने जयवंतला ऑफिसात बोलावलं. पियूष साहेबही तिथे होता. सुपरवायझर म्हणाला की हाउसकीपिंगच्या गौतमीने दिवाळीत काम चांगलं केलं होतं, तिने अर्जही दिलाय, तुझ्या लाईनचं टेबल आहे, तुझं काय मत? पियूष साहेबाने कागदातून डोकं वर काढलं. ती गावातली आहे, तो म्हणाला, तिची खात्री देणारा, ओळखीचा कुणी हवा. शिंदे, तुमची तिच्याशी काही ओळख?

जयवंतला सगळं माहीत होतं. गणितात ती पहिली यायची, चीर ती बोटाने ओळखते, आणि तिने एक शब्द उच्चारला असता तर आज आपण ह्या खुर्चीसमोर उभे नसतो. ते सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. साहेब त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“नाही साहेब,” तो परांड्याच्या हेलात म्हणाला. “आपली काय ओळख नाही. झाडलोट करते एवढंच ठावं.”

जागा बाहेरच्या कुणाला तरी मिळाली. दुसऱ्या दिवशी गौतमी त्याच्या मशीनजवळ पुसत पुसत आली.

“तुला इचारलं व्हतं म्हनं,” ती म्हणाली.

“व्हय.”

त्याच्या पायाजवळ तेल सांडलं होतं. पाय उचल, असं तिने हाताने खुणावलं. त्याने पाय उचलला, आणि तिने तेवढी फरशी पुसून घेतली.