एकशे सत्ताविसावा मुक्काम

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. एसी दुरुस्त करणारा माणूस मी, कुठं आवाज आला की आधी सैल स्क्रू शोधतो. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर. नोकरी दुबईला. वडील, म्हणजे आमचे आबा, पन्नाशीपर्यंत मेंढरांमागं फिरले. नंतर भीमेकाठी शेती केली, पण अंतर मोजायचे ते मुक्कामातच. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा विचारलं, दुबई किती लांब? म्हटलं, पुण्याहून दोन हजार तीस किलोमीटर, विमानाला तीन तास. त्यांनी बोटांवर हिशोब केला — मेंढरं दिवसाला सोळा किलोमीटर चालणार, म्हणजे एकशे सत्तावीस मुक्काम. आबा, मधे समुद्र आहे, म्हटलं तर म्हणाले, "त्याचं बघू तवा."

गेल्या वर्षी आबांनी अंथरूण धरलं. आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला, लगेच ये. मी सांगितलं, सकाळी नऊचं विमान, तीन तास, पुढं गाडीनं दोन. दोनला दारात हजर. पण हे नऊ दुबईचे! तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणजे दारात पोचायला साडेतीन, हे सांगायचंच राहिलं. गाढवपणा माझा, दुसऱ्या कुणाचा नाही.

दोनला आबांनी उठवून बसवायला लावलं. तोंड दाराकडं. अडीचला आक्काला म्हणाले, "न्हाई आला. आता म्याच जातो त्याच्याकडं." आणि गेले. मी तेव्हा कोरेगाव भीमाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो.

तेरावं करून परत दुबईला आलो. कामात जीव लागेना.

मग एके दिवशी... सुट्टी होती, भर दुपार. सातव्या मजल्यावरची आमची खोली, केरळचा रूममेट पलंगावर मोबाईल बघत पडलेला. दारावर काठी आपटली, दोनदा. आणि बाहेरून थकलेला आवाज आला, "मुक्काम हाय का?"

कुणाच्या रानात मेंढरं बसवायची तर आबा बांधावर थांबून असंच विचारायचे. मालक "बसा" म्हणेपर्यंत बांध ओलांडायचे नाहीत.

आवाज आबांचाच. माझी बोबडी वळली. रूममेट उठून बसला, "कौन आया है? बकरी का स्मेल आ रहा है." थोड्या वेळानं काठीचा आवाज जिन्यानं खाली उतरत गेला. दार उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्याशी काळ्या लोकरीचा एवढासा पुंजका पडला होता.

कॅलेंडर काढून दिवस मोजले. आबांना जाऊन एकशे सत्तावीस.

लोकर तिथं कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा. पण खरं सांगू, मला ते कोडं छळत नाही. तीन तासांच्या वाटेला मी उशीर केला. म्हातारा सगळी वाट चालत आला, दारात उभा राहिला... आणि "बसा, आबा," एवढंच म्हणायचं होतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही.